कॅम्परचे जादा दिवे: बार नाही घेतला, त्याची कारणं

मंडळी, गंगेत घोडं न्हालं एकदाचं. कॅम्परला लावायचे दिवे ठरले, आले, वायरिंगही उरकलं, आता फोकस सेट करायचा बाकी आहे आणि मागचा एक दिवा. मधे बरेच जण विचारत होते की एवढा काय घोळ घालतोयस, एक बार (एलईडी दिव्यांची लांब पट्टी) घे आणि ठोक छतावर, म्हणून यावेळी जरा सविस्तर लिहितो.

गाडी तीच, फोर बाय फोर बोलेरो कॅम्पर पिकअप, पिवळी पाटी, एमएच-०४. कंपनीचा हेडलाइट एच-४ हॅलोजन, ६०/५५ वॅट, म्हणजे डिप्परला एका बल्बचे साधारण १००० ल्युमेन (दिव्यातून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप) आणि अप्परला १६५०. घोडबंदर रोडला याने काही अडत नाही, तिथे तसंही समोरच्याने अप्पर मारून आपल्यालाच आंधळं केलेलं असतं. खरी बोंब कल्याण सोडून मुरबाडच्या पुढे गेलं की सुरू होते.

मला दोन कामं करायचीत आणि ती एकमेकांच्या उलटी आहेत. पहिलं माळशेज. पावसाळ्यात ढग घाटात उतरले की पुढच्या भाजीच्या टेम्पोचा टेललॅम्पसुद्धा पार बुडाशी गेल्यावर दिसतो, तिथे लांबच्या उजेडाचा उपयोग शून्य, मला पाहिजेत पुढचे पंधरा-वीस मीटर, डांबराची कड, पांढरी पट्टी आणि कठडा, बास. दुसरं काम मुरबाड-शहापूरकडचे माळावरचे कच्चे रस्ते, तिथे ओहळ, बांध, वाटेत बसलेली म्हैस हे सगळं लांबूनच कळलं पाहिजे. एकच दिवा दोन्ही करतो असं जो सांगेल त्याच्याकडून काही घेऊ नका.

आमचे वागळे इस्टेटमधले वायरमन काका मात्र हटून बसलेले, "शेठ, छतावर मोठा बार टाका, रात्रीचा दिवस करून देतो." म्हटलं काका, आणि धुक्यात? तर म्हणाले, "धुक्यात बंद ठेवायचा." म्हणजे ज्या दिवशी गरज तेव्हाच बंद! छतावरचा उजेड आपल्या डोळ्याच्या वरून निघतो, बोनेटवर पडून अर्धा काचेत परत येतो, आणि धुक्यात तर थेंबांवर आपटून सरळ डोळ्यात. शिवाय हायवेला वाऱ्याने शिटी वाजते ती वेगळीच. छतावरचा बार कोरड्या, मोकळ्या रानात ठीक आहे, सह्याद्रीत जून ते सप्टेंबर तो शोभेची वस्तू.

वॅटच्या आकड्यांचा विषय निघालाच आहे तर हे ऐका. मित्राने ऑनलाइन मागवलेला एक बार होता, खोक्यावर मोठ्या अक्षरात १८० वॅट. काकांकडून डीसी क्लॅम्प मीटर (वायर न कापता करंट मोजतो तो) मागून आणला, बार बॅटरीला जोडला, लाल वायर मीटरच्या जबड्यात घेतली, आकडा ३.६ अँपिअर. बॅटरी १२.६ व्होल्ट, गुणाकार करा, ४५ वॅट. खरेच १८० असते तर १४ अँपिअरच्या वर ओढले असते. १८० कुठून आले तर आत ६० चिप, प्रत्येक ३ वॅटची, ६० गुणिले ३. चिपला जास्तीत जास्त किती झेपेल तो हिशोब, प्रत्यक्षात तेवढा करंट द्यायचा तर उष्णता बाहेर टाकायला त्या पातळ पत्र्याच्या मानाने कितीतरी मोठा हीटसिंक लागेल. मित्राचं तोंड बघण्यासारखं झालं पण बार त्याने काढला नाही, फोटोत चांगला दिसतो म्हणे.

त्यामुळे मी ल्युमेन बघणं सोडलं आणि १ लक्स (जागेवर प्रत्यक्ष पडणाऱ्या उजेडाचं माप) किती मीटरवर मिळतो तेवढंच बघितलं, जो विक्रेता तो आकडाच देत नाही तो यादीतून बाद. २०० मीटरवर १ लक्स म्हणजे ४०,००० कँडेला (झोताच्या तीव्रतेचं माप), आणि तोच १ लक्स ४०० मीटरवर पाहिजे तर दुप्पट नाही, चौपट, १,६०,००० कँडेला. आता सांगा, माळावर ताशी तीस-चाळीसने जाताना ४०० मीटर कशाला पाहिजे? एवढा अरुंद झोत नेमका वळणावर बाहेर दरीत पडतो आणि आपण वळतो ते अंधारात. रॅलीवाल्यांचं वेगळं, त्यांचा वेग वेगळा.

धुक्याचं पण एक सांगतो कारण यावर भांडणं होतात. पिवळा उजेड धुकं भेदून जातो हे खरं नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या वेव्हलेंग्थपेक्षा कितीतरी मोठे असतात त्यामुळे पिवळा काय आणि पांढरा काय, सारखाच विखुरतो. पिवळ्याचा फायदा असा की त्यात निळा भाग जवळपास नसतो आणि डोळ्याला चकाकी कमी जाणवते, ६०००के (केल्विन, आकडा जास्त तितका उजेड निळसर) वाल्या पांढऱ्याफेक एलईडीत तो निळा भरपूर. पण रंगापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे दिवा खाली असणं, आडवा रुंद पसरणं आणि वरून सुरीने कापल्यासारखा कटऑफ असणं. युरोपच्या नियमात फॉगलॅम्प जमिनीपासून ८०० मिमीच्या वर चालत नाही ते उगाच नाही.

तर घेतलं काय. खाली बंपरमध्ये दोन पिवळे फॉग, प्रत्येकी २० वॅटचे, कटऑफवाले. आणि बंपरच्या वर दोन गोल ड्रायव्हिंग पॅटर्नचे, प्रत्येकी ३५ वॅट, रंग ५०००के, स्पॉट (लांब, अरुंद झोताचे) नाही. मधे हेलाच्या कॉमेट ५०० वर मन गेलं होतं, हॅलोजन, ५५ वॅटचा एच-३ बल्ब, तो बल्ब कुठल्याही हायवेच्या दुकानात मिळतो आणि उजेडही डोळ्याला बरा. पण जोडीचे ११० वॅट, आणि माझी सवय इंजिन बंद करून दिवे चालू ठेवायची, तंबू लावताना वगैरे, म्हणून एलईडी.

कायद्याचं बघून ठेवा. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १११, पुढे स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट पूर्वपरवानगीशिवाय लावता येत नाही. आणि डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना बुलबारवर (बंपरपुढचा लोखंडी गार्ड) कारवाई करायला सांगितलं, त्यामुळे बुलबारवर दिवे हा प्रकार मी विचारातच घेतला नाही. माझ्या गोल दिव्यांचे ब्रॅकेट बंपरच्याच बोल्टवर आहेत, दोन बोल्ट आणि एक कनेक्टर काढला की दिवा हातात, पासिंगला जाताना घरी ठेवायचा. रस्त्यावर त्यांना कव्हर घातलेलं असतं, कव्हर निघतं ते रानातच.

वायरिंग दोन वेगळे रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), दोन वेगळे फ्यूज, फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर. रिलेच्या ३० नंबरच्या पिनला बॅटरी, ८७ ला दिवा, ८५ अर्थ, ८६ ला स्विच. गोल दिव्यांचा स्विच अप्परमधून घेतलाय म्हणजे डिप्पर मारला की तेही मेले, रानात समोरून कोणी आलं तर दोन-दोन बटणं शोधत बसायला नको. हे करणार असाल तर आधी टेस्ट लॅम्पने बघा, काही गाड्यांत हेडलाइट निगेटिव्हकडून स्विच होतो, तिथे ८५-८६ चं कनेक्शन वेगळं करावं लागतं. मेन वायर २.५ स्क्वेअर एमएम तांब्याची. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ आणि गोल दिव्यापाशी १३.५ व्होल्ट, मी खूश.

एक छोटी गोष्ट, आमच्याकडे खाडीची खारी हवा, त्यामुळे ॲल्युमिनियमचं हाउसिंग आणि स्टेनलेसचा बोल्ट थेट चिकटवले तर सांध्यात पांढरी भुकटी धरते, मधे नायलॉनचे वॉशर टाकलेत. आणि नुसतं आयपी ६७ बघून भुलू नका, ते पाण्यात बुडवण्याचं आहे, १ मीटर, अर्धा तास. वॉशिंग सेंटरचा प्रेशर गन त्यात येत नाही, त्याला ६९के लागतं.

फोकस सोसायटीच्या पार्किंगच्या भिंतीवर सेट करणार, १० मीटरवर फॉगचा कटऑफ दिव्याच्या उंचीच्या साधारण २० सेमी खाली, हौद्यात नेहमीचं सामान भरून, कारण मागे वजन आलं की नाक वर होतं. आणि हौद्याला मागे एक वर्क लाइट टाकायचाय, तो रिव्हर्सला जोडू की वेगळा स्विच देऊ हे ठरत नाहीये. कॅम्परला किंवा इसुझूच्या व्ही-क्रॉस पिकअपला कोणी केलं असेल तर वायर कुठून नेली तेवढं सांगा, हौद्याखालून नेली की उंदीर कुरतडतात असं ऐकलंय.