वरंध घाटात एक दिवस: तांबडी पट्टी आणि भोकांचा ट्रे

नोव्हेंबरात एफवायच्या चौदा मुलांना घेऊन वरंध घाटात जाऊन आलो. बेसाल्टची, म्हणजे लाव्हा थंड होऊन बनलेल्या खडकाची, व्याख्या सगळ्यांना तोंडपाठ. हातात दिला तर दोघांनी ‘सर, हा तर साधा काळा दगड’ म्हणून परत केला!

भोर सोडल्यावर नीरा-देवघरचं पाणी बराच वेळ सोबत असतं. घाटात रस्ता रुंद असलेली जागा बघून थांबलो. समोरच्या काळ्या कातळात मधेच वीतभर तांबडी पट्टी. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी एक लाव्हा थंड झाला, वरून झिजून त्याची माती झाली आणि पुढच्या लाव्ह्यानं ती भाजून काढली. नखानं उकरली तर विटेसारखा चुरा पडतो. पावसाळा संपून महिना झाला होता, तरी पट्टीच्या बरोबर वर कातळ ओला. भेगांतून उतरलेलं पाणी इथे अडतं आणि आडवं बाहेर पडतं.

अडलेल्या पाण्यानं दरड सुटू शकते हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून तळाला भोकं पाडलेला ट्रे नेला होता. त्यात मुरमाचा उतार रचून झारीनं पाणी घातलं. पाणी भोकांतून गेलं, डोंगर जागच्या जागी. मुलं हसली. मग खाली तांबड्या पट्टीच्या जागी शाडूचा थर लिंपला, वर तोच मुरूम, तेवढंच पाणी. दोन मिनिटांत अख्खा उतार घसरून एकाच्या बुटावर. हसू थांबलं, कारण याच घाटाखालच्या तळिये गावात 22 जुलै 2021 ला दरड कोसळून ऐंशीहून जास्त माणसं गेली, हे त्यांना माहीत होतं. अर्थात प्रत्येक दरडीला तांबडी पट्टीच लागते असं नाही. कातळावरची माती पाणी पिऊन जड झाली तरी सुटते. वर नवी भेग, वाकलेली झाडं, झऱ्याला अचानक गढूळ पाणी, यांकडे लक्ष द्यायचं.

जाणार असाल तर दिवाळीनंतर जा. पावसाळ्यात हा रस्ता बऱ्याचदा बंदच असतो. कातळाच्या भिंतीवर हातोडी चालवू नका, खाली पडलेला दगड फोडा, तोही गॉगल लावून. पोकळीत पांढरे स्फटिक मिळाले तर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाका: फसफसलं तर कॅल्साइट हे खनिज, गप्प राहिलं तर बहुधा झिओलाइट हे दुसरं. बाटली शिक्षकांच्याच खिशात राहू द्या. आणि वाघजाईच्या देवळापाशी भजी खाताना नमुन्यांच्या पिशव्या गाडीत ठेवा. माकडांना आतले दगड दिसत नाहीत, पिशवी दिसते.