सुकतीला मालवणचं खडप

मालवणला येणारे बहुतेक जण किल्ला, होडी, स्नॉर्केलिंग एवढं उरकून माशाच्या ताटाकडे वळतात. समुद्रातल्या जिवांचे रंग बघायचे असतील, तर आम्ही आधी रॉक गार्डनचं खडप (खडकाळ किनारा) सांगू. तेही सुकतीला, म्हणजे पुऱ्या ओहोटीला.

वेळ काढायला भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. तिथीच्या आकड्याला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं. आली भरतीची वेळ. तिच्यानंतर सव्वासहा तासांनी सुकती. द्वितीयेला भरती दीडची, म्हणजे सुकती पावणेआठच्या सुमारास. या हिशेबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून साडेसहालाच खडपावर हजर राहायचं आणि उतरत्या पाण्यामागे पुढे सरकायचं. पौर्णिमा-अमावस्येनंतरचे दोन दिवस सगळ्यात चांगले. अष्टमीच्या आसपास भांगाचं, म्हणजे कमी चढउताराचं पाणी असतं, तेव्हा खडप नीट उघडं पडतच नाही.

चपला नकोत, पकड असलेले बंद बूट हवेत. शेवाळावर पाय घसरतो आणि हात नेमका कालवांच्या धारेवर पडतो.

पहिली दहा मिनिटं काहीच दिसत नाही. दगडावर तपकिरी रबरी गुंड्या चिकटवल्यासारख्या दिसतात, त्या झोअँथिड, प्रवाळाच्या नात्यातल्या. पाणी गेलं की ओल धरून ठेवायला त्या मिटतात. शेजारच्या डबक्यात पाणी उरलेलं असेल तर तिथे त्याच उघड्या सापडतात: हिरवट चकती आणि कडेने आखूड झालर. हिरवा-तपकिरी रंग त्यांच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा. यांना हात लावायचा नाही. काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जबर विष असतं. तोच हात डोळ्याला गेला की संपलं.

डबक्याशी बसताना सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. पाच मिनिटं हललो नाही की तळाचे शंख चालू लागतात. आत संन्यासी खेकडे असतात. त्यांचं पोट मऊ आणि वळलेलं, त्यामुळे रिकामा शंख हेच त्यांचं घर. आठवण म्हणून शंख गोळा करणारे त्यांची घरंच उचलून नेतात. शंकूच्या आकाराचे नक्षीदार शंख तर मुळीच उचलू नयेत. आतली गोगलगाय विषारी दात मारते.

बिनकवचाच्या समुद्री गोगलगायी नखाएवढ्या असतात. त्या शोधायला शैवालाच्या पानांवर नजर ठेवावी लागते. एलिसिया नावाची हिरवी गोगलगाय शैवालातला रस शोषते, पण त्यातली हरितलवकं पचवत नाही, आपल्याच अंगात साठवते. तिचा हिरवा रंग असा उसना. इतर काही भडक रंगाच्या गोगलगायी हायड्रॉइड नावाचे डंख मारणारे बारीक जीव खातात आणि त्यांचे डंख स्वतःच्या पाठीवरच्या बोंडांत भरून ठेवतात. तो भडक रंग माशांना सांगतो, की वाटेला जाऊ नका.

दगड उलटलाच, तर होता तसाच परत ठेवायचा. खालची बाजू उन्हात राहिली की तिथली अंडी आणि स्पंज वाळून मरतात.

भरतीचा पहिला तास फसवा. दोन मीटरचा फरक असेल तर पहिल्या तासात पाणी जेमतेम 17 सेंटिमीटर चढतं, तिसऱ्या तासात मात्र 50. त्यामुळे सुकतीनंतर वीस मिनिटांत मागे फिरायचं. मागची घळ आधी भरते, पुढचा दगड नंतर.

दुपारी किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंगचा मुखवटा लावून पाण्यात उतरता येतं. हा भाग 1987 साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला आहे. मुखवट्याच्या कडेत केस अडकले की पाणी शिरतं. मिशी असेल तर थोडं व्हॅसलीन लावावं. काच धुकटू नये म्हणून आतून थुंकी चोळणं हा जुना आणि खात्रीचा उपाय. मासे जमवायला पाण्यात पाव टाकण्याची पद्धत आम्हाला पटत नाही. पावावर तुटून पडतात ते फक्त काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे सार्जंट मेजर. एरवी हेच नर दगडावर जांभळट अंड्यांचा पट्टा राखत बसलेले दिसतात, अंगाने निळसर झालेले.

पोपट मासा दिसायच्या आधी ऐकू येतो. डोकं पाण्याखाली ठेवून श्वास क्षणभर रोखला, की खडक खरवडल्याची करकर येते.