बीची हेडच्या कड्यावरचे चौघे

मंगळवार, रात्री

आज पुन्हा '२० जॅझ फंक ग्रेट्स' लावला. थ्रॉबिंग ग्रिसल या चौघांच्या इंग्लिश बँडचा हा अल्बम डिसेंबर १९७९चा, त्यांच्या स्वतःच्याच 'इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स'ने काढलेला. नावात वीस, आत गाणी अकरा, आणि जॅझ फंक औषधालाही नाही. मुखपृष्ठावर चौघे हिरव्यागार गवतात उभे आहेत. नीटनेटके कपडे, प्रसन्न चेहरे. दुकानातल्या सवलतीच्या खोक्यात सापडणाऱ्या कुठल्याशा सुगम वाद्यवृंदाची रेकॉर्ड वाटावी. तशी ती वाटावी हाच हेतू होता, असं बँडमधल्या कोझीने पुढे सांगितलं आहे. जागा मात्र बीची हेडची. ससेक्सच्या किनाऱ्यावरचा हा पांढरा खडूचा कडा १६० मीटरच्या वर उंच आहे, आणि जीव द्यायला लोक जातात ती जागा म्हणून सगळ्या इंग्लंडला ठाऊक आहे. फोटोत यातलं काहीच सांगितलेलं नाही. ज्याला माहीत आहे त्याच्या पोटात गोळा येतो, बाकीच्यांना छान हवा दिसते.

स्टुडिओत आज दिवसभर एका कर्जाच्या जाहिरातीचा आवाज चालला होता. मजकूर साधा, पण मनासारखा टेक येईना. डायरेक्टर आत बसलेल्या बाईंना सारखं सांगत होते, "ताई, विकू नका. घरातल्या माणसाशी बोलताय असं म्हणा." शेवटी ताई माइकच्या अगदी जवळ सरकल्या, आवाज खाली आणला आणि एका दमात झालं. पुढचं काम माझं. प आणि फचे फुत्कार काढायचे, श्वास मात्र ठेवायचे, कारण श्वास ऐकू आला की माणूस शेजारी बसल्यासारखा वाटतो. मग कंप्रेसर. मोठ्या आणि लहान आवाजातलं अंतर तो कमी करतो, त्यामुळे हळू उच्चारलेला शब्दसुद्धा मागच्या संगीतावर येऊन बसतो. हे काम मला मनापासून आवडतं. आणि कदाचित म्हणूनच हा अल्बम मला सोडत नाही. इंडस्ट्रियल संगीत म्हटलं की लोकांना पत्र्यांचा खणखणाट आणि किंकाळ्या आठवतात. या चौघांनी आधीच्या अल्बममध्ये तेही पोटभर केलं होतं. इथे ते माइकच्या जवळ आले.

बुधवार

ते जवळ का आले असतील, याचा विचार आज लोकलमध्ये करत होते.

१९७६च्या ऑक्टोबरात लंडनच्या आयसीए या कलासंस्थेत त्यांचं 'प्रॉस्टिट्यूशन' नावाचं प्रदर्शन झालं. जेनेसिस पी-ऑरिज आणि कोझी फॅनी टुट्टी तेव्हा 'कूम ट्रान्समिशन्स' या नावाने प्रयोग करत. थ्रॉबिंग ग्रिसल लोकांसमोर आलं तेही तिथेच, उद्घाटनाच्या रात्री. कोझीने मासिकांसाठी केलेलं नग्न मॉडेलिंग त्या प्रदर्शनात मांडलेलं होतं. सरकारी अनुदानातून हे चालतं म्हणून गदारोळ झाला आणि निकोलस फेअरबेर्न या हुजूर पक्षाच्या खासदाराने त्यांना संस्कृतीचे विध्वंसक ठरवलं. एवढी प्रसिद्धी एखाद्या बँडला वर्षानुवर्षं पुरते. विध्वंसक म्हणवून घेत आरडाओरडा करत राहणं सोपं होतं.

त्याऐवजी तीन वर्षांनी ते असे गोजिरे होऊन उभे राहिले. आणि साल कुठलं, तर १९७९. त्याच वर्षीच्या मे महिन्यात मार्गारेट थॅचर निवडून आल्या होत्या. त्या प्रचारात साची अँड साची या जाहिरात कंपनीने केलेलं, बेरोजगारांची लांब रांग दाखवणारं पोस्टर आमच्या धंद्यात आजही शिकवण्याच्या ओघात निघतं. मनवणं ही तेव्हा उघडउघड राजकारणातली मोठी कला झाली होती. आणि अल्बममध्ये एका गाण्याचं नाव 'कन्व्हिन्सिंग पीपल', दुसऱ्याचं 'पर्स्वेजन'. यांच्यातला पीटर क्रिस्टोफरसन तर 'हिप्नोसिस'मध्ये काम करायचा, पिंक फ्लॉइडची मुखपृष्ठं करणाऱ्या स्टुडिओत. चित्र कसं विकतात हे त्याला आतून माहीत होतं. मला वाटतं, सभ्यपणाची वेशभूषा त्यांनी गंमत म्हणून केली नाही. ताकद कुठे गेली आहे हे त्यांनी ओळखलं होतं.

शुक्रवार

यंत्रांबद्दल लिहून ठेवायलाच हवं, नाहीतर राहून जाईल.

लंडनच्या हॅक्नी भागातल्या मार्टेलो स्ट्रीटवर एका जुन्या कारखान्याच्या तळघरात त्यांची जागा होती. तिला ते 'डेथ फॅक्टरी' म्हणत. बँडमधला चौथा, क्रिस कार्टर, टीव्हीच्या क्षेत्रात ध्वनीचं काम केलेला, हातात कायम सोल्डरिंग आयर्न. १९७५ साली 'प्रॅक्टिकल इलेक्ट्रॉनिक्स' या मासिकात रॉय ग्विन यांनी गिटारसाठीच्या एका इफेक्ट पेडलचं सर्किट छापलं होतं. कार्टरने ते घेतलं, बदललं, आणि त्यातून 'ग्रिसलायझर' तयार झाला. गिटार, कॉर्नेट, बोलणं, जे आत जाईल ते थरथरत, फाटत, घशात अडकल्यासारखं बाहेर येई. क्रिस्टोफरसनकडे कॅसेट प्लेअरचा संच होता, कीबोर्डच्या पट्ट्यांना जोडलेला. पट्टी दाबली की त्या कॅसेटवरचा आवाज सुरू. सॅम्पलर नावाची, साठवलेला आवाज पट्टी दाबून वाजवणारी वस्तू सामान्य संगीतकाराच्या हाती यायच्या आधीची ही गोष्ट. बाजारात नाही तर आपण बनवू, एवढा साधा हिशेब. मला अशा माणसांबद्दल अतोनात आदर वाटतो.

या अल्बमवर मात्र रोलँड कंपनीची नवी, चकचकीत सुरांची यंत्रं पुढे आहेत. 'वॉकअबाउट' ऐकताना कुणालाही हा त्याच तळघरातला बँड आहे हे पटणार नाही, इतकं ते उजळ आहे. कार्टर 'अ‍ॅबा' या स्वीडिश पॉप बँडचा भक्त होता. आधीच्या अल्बममध्ये त्याने त्यांच्या नावावरून एक तुकडाही केला होता. 'एक्झॉटिका'मध्ये मार्टिन डेनी या अमेरिकन संगीतकाराच्या हवाईछाप, पक्ष्यांच्या आवाजांच्या संगीताला दिलेली दाद आहे. हे सगळं प्रेमातून आलंय. थट्टा करणाऱ्याला इतकं नेटकं जमत नाही.

'हॉट ऑन द हील्स ऑफ लव्ह' आज हेडफोनवर फक्त मिक्ससाठी ऐकलं. खाली सिक्वेन्सरची, म्हणजे ठरवलेले सूर आपोआप वाजवत राहणाऱ्या यंत्राची, एकसारखी धावती ओळ, डिस्कोला शोभेल अशी. वर धातूच्या पट्ट्यांसारखा टिणटिणता सूर. मध्येच व्हाइट नॉइजचा, म्हणजे रेडिओच्या खरखरीसारख्या आवाजाचा, एक फटका, चाबकासारखा, कोरडा, लगेच कापलेला. आणि या सगळ्यात कोझी गात नाही, कुजबुजते. तिच्या शब्दांभोवतीची हवा ऐकू येते. मी असते तर तो फटका थोडा मागे ठेवला असता. त्यांनी तो तसाच उघडा सोडला. त्यामुळे प्रत्येक वेळी मान किंचित हलते. इतकं गोड गाणं, आणि तरी सैल होऊन बसता येत नाही.

रविवार, दुपार

'पर्स्वेजन'बद्दल लिहायला आठवडाभर टाळाटाळ केली.

बेसचे दोन सूर, एकाआड एक. बस, एवढ्यावर सगळं गाणं. त्यावर जेनेसिसचा सपाट, घाई नसलेला आवाज एका बाईला मनवत राहतो. तिला जे करायचं नाही ते तिने करावं म्हणून. धमकी नाही, आवाज चढत नाही. मधून टेपवरचे माणसांचे अस्पष्ट आवाज येतात, भिंतीपलीकडचे वाटावेत असे. ऐकणाऱ्याला मनवणाऱ्याच्या तोंडाजवळ बसवलंय आणि उठायची सोय ठेवलेली नाही. सूर दोनच असल्यामुळे आता काही बदलेल, सुटका होईल, अशी वाट पाहणंही हळूहळू बंद होतं. तंत्र म्हणून हे थोर आहे. मी कितीतरी मिक्स केलेत, पण इतक्या कमी सामानात इतका दाब मला कधी आणता आलेला नाही.

पण आता ते नुसतं तंत्र म्हणून ऐकता येत नाही. जेनेसिस आणि कोझी बरीच वर्षं एकत्र होते. १९७८मध्ये ते नातं तुटलं, कोझी क्रिसबरोबर गेली, आणि बँड मात्र चालू राहिला. म्हणजे हा अल्बम करताना चौघेही त्या तळघरात एकमेकांसमोर होते. २०१७ साली कोझीचं आत्मचरित्र आलं. जेनेसिसकडून झालेल्या छळाबद्दल आणि हिंसेबद्दल तिने त्यात लिहिलं. जेनेसिसने ते आरोप नाकारले. २०२०मध्ये जेनेसिसचं निधन झालं. क्रिस्टोफरसन त्याआधीच, २०१०मध्ये, बँकॉकला वारला.

माझी बाजू मी इथे लिहून ठेवते: माझा कोझीवर विश्वास आहे. तरी मी 'पर्स्वेजन' ऐकणं थांबवलेलं नाही, पण आता त्या गाण्यात मी बोलणाऱ्याकडे लक्ष देत नाही. जिला मनवलं जातंय तिचा एकही शब्द त्यात नाही, हे मला आधी कलात्मक निवड वाटायचं. आता त्या रिकाम्या जागेचा राग येतो. आणि त्याच अल्बमवर, एकच गाणं आधी, तिची ती कुजबुज आहे. तिथे बोलणारी ती आहे, चाल क्रिसची आहे, आणि कुणी कुणाला मनवत नाही. ही दोन गाणी पाठोपाठ ठेवताना त्यांच्या मनात काय होतं कोण जाणे, पण मला अल्बमचा कणा तिथेच सापडतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला मी सांगेन, या दोन गाण्यांमध्ये पॉज करू नका.

१९८१च्या मे महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोला त्या पर्वातला शेवटचा कार्यक्रम करून बँड मोडला. त्याच वर्षी क्रिस आणि कोझीने 'हार्टबीट' हा दोघांचा अल्बम काढला. 'हॉट ऑन द हील्स'मधली वाट पुढे कुठे गेली ते त्यात कळतं. संध्याकाळी तोच लावणार आहे, आणि या वेळी मोठ्या स्पीकरवर.