हात न लावता

दादा काल फोनवर सहज म्हणाला, "अगं, आठवड्यातून एकदा गाडी सुरू तरी करत जा. दहा मिनिटं चालू ठेवायची, बंद करायची. अशी किती दिवस टाकून ठेवणार आहेस?" त्याच्या बोलण्यात खोच नव्हती. तो नेहमी बोलतो तसंच बोलला. पण फोन ठेवल्यापासून मला स्वस्थता नाही. का नाही, तेही नीट कळत नाहीये, म्हणून लिहितेय.

त्याला जे उत्तर द्यायचं ते मी दिलं होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभरच पाणी तयार होतं. गाडी रस्त्यावर पळत असली की त्याची वाफ बाहेर निघून जाते. पण गोठवणाऱ्या थंडीत उभ्या गाडीचं इंजिन दहा मिनिटांत पुरतं तापत नाही, मागचा सायलेन्सर तर नाहीच. मग ती वाफ आतच पाणी होऊन बसते. थोडं पाणी ऑईलमध्ये उतरतं, थोडं सायलेन्सरच्या तळाशी साचतं आणि आतून गंज धरतो. शिवाय गार इंजिन फिरवायला बॅटरीतून जे ओढलं जातं, ते तेवढ्या वेळात भरूनही निघत नाही. बाहेर काढून चांगली तापेपर्यंत चालवावी, नाहीतर हातच लावू नये. "बरं बाई, तुला जास्त कळतं," म्हणाला, आणि आईच्या गुडघ्यांवर बोलायला लागला.

त्याच्यापुरता विषय संपला. मी मात्र रात्री खिडकीशी जाऊन पाहत होते. कव्हर, कव्हरवर दंव. खाली ती आहे हे फक्त आकारावरून कळतं. माझं सगळं बरोबर आहे, तरी टाकून दिल्यासारखं वाटतं. हे वाटणं कुठल्याच माहितीने जात नाही.

खरं तर शरद ऋतू संपता संपता तिच्यासाठी मी जेवढं केलं तेवढं वर्षभरात केलं नसेल. धुतली, खालच्या बाजूने तर जास्तच. कव्हरखाली राहिलेली धूळ वाऱ्याने पॉलिशपेपरसारखी रंगावर घासत राहते. ऑईल बदललं. वापरलेल्या ऑईलमध्ये आम्ल आणि ओल असते, ती घेऊन इंजिन महिनोन्‌महिने उभं राहायला नको. टाकी काठोकाठ भरली. रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं पाणी होतं, आणि इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ते ओढून घेतं. पेट्रोल टिकवणारं औषध टाकून थोडी चालवली, म्हणजे ते इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरपर्यंत पोचतं. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, तपासलं. निम्मं पाणी, निम्मं अँटिफ्रीझ असेल तर उणे ३५ अंशांपर्यंत काळजी नाही. टायरमध्ये हवा थोडी जास्त भरली, एकाच जागी दबून चपटे होऊ नयेत म्हणून. हँडब्रेक सोडून ठेवला, गिअरमध्ये टाकली, चाकांना लाकडी ठोकळे लावले. ओढलेल्या हँडब्रेकचे पॅड हिवाळाभरात डिस्कला चिकटून बसतात.

आणि बॅटरी काढून घरात आणली. बाहेर चार्जर लावायला प्लग नाही. पूर्ण भरलेली बॅटरी उणे ५० अंशांतही गोठत नाही, पण पार उतरलेली उणे १० च्या आसपासच गोठू शकते, आणि गोठली की तिची खोळ फुटते. ही कारणं खरीच आहेत. पण आज लिहिताना जाणवतंय की आणखी एक कारण होतं. एखाद्या रात्री मलाच राहवलं नसतं. किल्ली घेऊन गेले असते, फक्त तो आवाज ऐकायला. बॅटरी घरात असली की तो प्रश्नच मिटतो. म्हणजे दादा जे म्हणाला ते माझ्याही मनात आधीपासून होतं. त्याचं वाक्य लागलं ते म्हणूनच.

मला गॅरेज का नाही, ते पुन्हा लिहीत नाही. ठरलं ते ठरलं. पण समोरच्यांच्या बंद गॅरेजमध्ये जुने सोफे आणि खोकी ठेवलेली पाहिली की आत काहीतरी तुटतं. सोफ्यांना छप्पर, आणि माझी माझदा एमएक्स-५ उघड्यावर! १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली, तेव्हा छोट्या, उघड्या छताच्या स्पोर्ट्स कारचे दिवस संपले असं समजलं जात होतं. बॅटरीसुद्धा पुढे नाही, मागे डिकीत. वजन पुढे-मागे सारखं वाटलं जावं म्हणून एवढा विचार करून बनवलेली गाडी. स्टिअरिंगचं चामडं एका जागी गुळगुळीत झालंय, ते माझ्या अंगठ्याने नाही. जाऊ दे.

मला थंडीची भीती कधीच नव्हती. भीती आहे ती ओलीची. कापडी छताच्या मागे, सीटच्या पाठीमागे पाणी वाहून जायला दोन बारीक वाटा असतात. पानांचा चुरा, धूळ अडकून त्या तुंबल्या की पाणी दाराखालच्या पोकळ पट्ट्यांत उतरतं आणि आतून गंजायला सुरुवात होते. बाहेरचा रंग फुगेपर्यंत कळतही नाही. जुन्या एमएक्स-५ त्याच जागी जातात. कव्हर घालण्याआधी मी त्या वाटा साफ करून त्यांत बाटलीने पाणी ओतलं, आणि ते खाली जमिनीवर पडताना वाकून पाहिलं. दोन्ही बाजूंनी. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं.

आणि हे लिहिता लिहिता एक गोष्ट पटत चाललीय. लोखंडाला ओल लागते आणि ऊब लागते, मग ते भराभर गंजतं. कडक, कोरड्या थंडीत गंजणं मंदावतं. हवा न खेळणाऱ्या दमट गॅरेजात, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात ते मीठ तळाला लागलेलं असताना उभी असती, तर तिची अवस्था आजच्यापेक्षा वाईट झाली असती. वाईट दिवस ते, जेव्हा पारा शून्याच्या वर-खाली होत राहतो. गार पत्र्यावर हवेतली ओल बसते, वाळत नाही. त्यासाठीच प्लास्टिकची ताडपत्री घेतली नाही, हवा खेळू देणारं कव्हर घेतलं. खाली काँक्रीट आहे, माती नाही. आत ओल शोषणारा डबा आहे. म्हणजे ती उघड्यावर आहे, पण वाऱ्यावर सोडलेली नाही. हे काल दादाला सांगायला हवं होतं.

तरी ती ओढ जाणार नाही, हे आता मान्य करून टाकते. त्या ओढीला कामं देता येतील. वारा सुटला की कव्हरचे पट्टे घट्ट करायचे. बर्फ पडला की मऊ ब्रशने हलकेच झाडायचा, छतावर भार राहू द्यायचा नाही. मागची खिडकी काचेची नाही, प्लास्टिकची आहे, थंडीत दुमडली तर चरकन तडकते. तेव्हा छताला हात नाही. कोरडा दिवस मिळाला की कव्हर थोडं वर करून वारं लागू द्यायचं, डब्यात साचलेलं पाणी ओतायचं, उंदरांनी कुठे घर केलंय का ते पाहायचं. ते शिरू नयेत म्हणून सायलेन्सरच्या तोंडात स्टील वूल, म्हणजे बारीक तारांचा बोळा, कोंबलाय, तो काढायची आठवण म्हणून स्टिअरिंगला लाल फीत बांधलीय.

सगळ्यात अवघड दिवस पुढेच आहेत. हिवाळ्याच्या शेवटी एखादा उबदार रविवार येईल, रस्ते कोरडे दिसतील, आणि त्या कोरड्या रस्त्यांवर मीठ तसंच असेल. तिचे उन्हाळी टायरही ७ अंशांच्या खाली कडक होऊन पकड सोडतात. तेव्हा बॅटरी घरातच राहील. चांगले दोन मोठे पाऊस होऊन रस्ते धुतले गेले की मगच बसवीन, मग तोवर ऊन कितीही छान पडो.