एकाच जोडावर दोनदा

फोन वाजला तेव्हा रात्रीचे अडीच झाले होते. घाटात पावसाने दुपारपासून उसंत घेतली नव्हती. कंट्रोलवाला एवढंच म्हणाला, "खताची लोडेड गाडी आहे. पार्टिंग झालंय. दुसऱ्यांदा. त्याच जोडावर."

पार्टिंग म्हणजे चालत्या मालगाडीचे दोन तुकडे होणं. घाटाच्या लोकांना ते नवं नाही. पण एकाच रात्री, एकाच गाडीत आणि एकाच जोडावर दोनदा, हे माझ्या तोवरच्या सोळा वर्षांच्या नोकरीत मी ऐकलं नव्हतं. मी तेव्हा कॅरेज अँड वॅगनमध्ये सिनियर टेक्निशियन होतो, म्हणजे साध्या भाषेत वॅगनचा फिटर. रेनकोट चढवला, पहार, हातोडा, गेज आणि टॉर्च घेतला, अण्णांना उठवलं. अण्णा आमचे मिस्त्री, निवृत्तीला एक वर्ष उरलेलं. लाईट इंजिनावर, म्हणजे मागे डबे नसलेल्या इंजिनावर, उभे राहून आम्ही निघालो.

कसारा ते इगतपुरी हा थळ घाट. चढ 1 ला 37. सदतीस मीटर पुढे सरकलं की गाडी एक मीटर वर गेलेली असते. रस्त्यावरच्या ट्रकला हे काहीच नाही, रेल्वेला फार आहे. भरलेली मालगाडी पुढच्या इंजिनांना एकट्याने ओढवत नाही, म्हणून कसाऱ्याला मागून बँकर, म्हणजे ढकलणारी इंजिनं, लागतात. त्या रात्री पुढे जोडीची दोन इंजिनं, मागे तीन बँकर आणि मधे युरियाची पोती भरलेल्या बेचाळीस वाघिणी, म्हणजे वॅगन. एक भरलेली वाघीण एक्क्याऐंशी टनांच्या आसपास. सगळ्या वाघिणी धरल्या तर चौतीसशे टन.

पोचलो तेव्हा पुढच्या अठरा वाघिणी आणि मागच्या चोवीस यांच्यामध्ये वीसेक पावलांची फट होती. मधल्या खडीवर जोडातला तुटलेला नकल, म्हणजे वाघिणी एकमेकींत अडकवणारा पोलादी आकडा, पडला होता. गार्डसाहेब कठड्याला टेकून उभे होते. असिस्टंट पायलट, म्हणजे इंजिन चालवणाऱ्याचा मदतनीस, पंचविशीतला पोरगा, खाली बसून हात चोळत होता. पहिल्यांदा तुटलं तेव्हा इंजिनातला जादा नकल या दोघांनी आळीपाळीने खांद्यावर घेऊन अठरा वाघिणींच्या कडेने, अंधारात, निसरड्या खडीवरून आणला होता. पस्तीसेक किलोचं ओतीव पोलाद. तो बसवला, बँकरनी मागचा तुकडा हळूच पुढे सारून जोडला, होज पाईप जोडले, ब्रेकचं प्रेशर पाच किलो झालं, गाडी हलली. अर्धा किलोमीटरही झाला नसेल, पुन्हा तेच. पोराच्या खांद्यावर शर्ट फाटून कातडी सोलली होती आणि तो मला विचारत होता, "भाऊ, मी नीट बसवला नव्हता का?"

नीटच बसवला होता. ते मी त्याला लगेच सांगितलं, कारण त्याने बसवलेला नकल शाबूत होता. या वेळी तुटला होता समोरच्या वाघिणीचा.

नकल म्हणजे काय ते सांगायला हवं. दोन वाघिणींमधलं कपलर कसं असतं ते बघायचं असेल तर दोन्ही हातांची बोटं आकड्यासारखी वाकवून एकमेकांत अडकवा आणि ओढा. अमेरिकेतल्या एलाय जॅनी यांनी 1873 मध्ये याचं पेटंट घेतलं. त्याआधी तिकडे डबे जोडायला माणसाला दोन डब्यांच्या मधे उभं राहावं लागे, आणि त्यात कित्येकांची बोटं, हात, जीव गेले. त्या वाकलेल्या बोटाला नकल म्हणतात. ताण अती झालाच तर आधी नकल तुटावा, मागचं महागडं सामान वाचावं, असा त्याचा हिशेब असतो. नकल माणसं जागेवर बदलू शकतात, मागचं काहीच जागेवर बदलता येत नाही.

म्हणून पार्टिंग झालं की सगळे नकलकडे बघतात. मीही बघितला. तुटलेल्या तोंडावर टॉर्च मारला. जुनी भेग असेल तर तेवढा भाग काळा किंवा तांबूस दिसतो, गंज आत शिरलेला असतो. ताजा तुटलेला भाग राखाडी, खडीसाखरेसारखा चमकतो. हा सगळाच्या सगळा चमकत होता. गार्डसाहेबांनी पहिला नकलही जपून ठेवला होता. तोही तसाच.

अण्णा हळू आवाजात म्हणाले, "पायलट मेला बघ."

त्यांचं म्हणणं मला कळलं, गाडी चालवणारा पायलट आता अडकणार. दोन्ही नकल निर्दोष, दोन्ही ताजे तुटलेले, म्हणजे गाडीला झटका बसला. झटका कोणी दिला? ज्याच्या हातात नॉच, म्हणजे इंजिनाची ओढ टप्प्याटप्प्याने वाढवायचा दांडा, आहे त्याने. कागदावर हे इतकं सरळ दिसतं की पुढे कोणी विचारही करत नाही.

पण दोन वेगवेगळ्या वाघिणींचे दोन वेगवेगळे नकल तुटले होते. सारखा होता तो फक्त जोड. मी मागच्या तुकड्याच्या पहिल्या वाघिणीसमोर, म्हणजे मूळ गाडीतल्या एकोणिसाव्या वाघिणीसमोर वाकलो. कपलरच्या डोक्याला वर एक शिंग असतं, हॉर्न म्हणतात, आणि वाघिणीच्या चेसिसच्या तोंडावर त्याच्यासमोर एक ओतीव तुकडा असतो, तो स्ट्रायकर. दोघांमध्ये जागा राहायला हवी. नेहमीच्या चालीत ते एकमेकांना भिडताच कामा नयेत. इथे, पावसाळ्यात जिथे लोखंडाचा कण न् कण गंजलेला असतो तिथे, स्ट्रायकरचा रुपयाएवढा भाग आरशासारखा लखलखत होता. कडेने धातू चेपून बाहेर आला होता, ऐरणीच्या कडेला येतो तसा. हॉर्न तिथे आपटत होता. एकदा दोनदा नाही, रोज.

मी पहार फटीत घातली आणि रेटली. चांगल्या वाघिणीवर हे करून बघा, कपलर पुढेमागे फारसा हलणार नाही, कारण मागे ड्राफ्ट गिअर दाबून बसलेला असतो. हा कपलर खट् करून पुढे आला. उलटी रेटली, खट् करून आत गेला. पावसाच्या आवाजातही तो खट् अण्णांनी ऐकला आणि ते खाली बसले.

ड्राफ्ट गिअर ही वस्तू रेल्वेतही फार थोड्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलेली असते. ती कपलरच्या मागे, चेसिसच्या पोटात, योक नावाच्या पोलादी चौकटीत बसते. जाड पोलादाचं तोंड उघडं असलेलं खोकं, तळाशी स्प्रिंगा, वर फ्रिक्शन शू आणि त्यांच्या मधे पाचर. धक्का आला की पाचर आत घुसते, शू पसरून खोक्याच्या भिंतींना घासत खाली जातात आणि स्प्रिंगा दाबतात. खरी ताकद त्या घासण्यात आहे. नुसती स्प्रिंग असती तर तिने धक्का घेतला असता आणि तेवढ्याच जोरात परत फेकला असता, सगळी गाडी आगगाडीच्या खेळण्यासारखी नाचली असती. घर्षण तो धक्का खाऊन टाकतं, त्याची उष्णता करतं, आणि स्प्रिंग पाचरेला सावकाश जागेवर आणते. ओढताना आणि ढकलताना, दोन्ही वेळा तोच एक गिअर दाबला जातो, योकची करामत तीच आहे.

एक गिअर पूर्ण दाबला तर ब्याऐंशी मिलिमीटरच्या आसपास आत जातो. हाताची चार बोटं. बेचाळीस वाघिणींना चौऱ्याऐंशी गिअर. गुणाकार केला तर जवळजवळ सात मीटर. म्हणजे ही गाडी पुरती दबली तर निम्म्या डब्याएवढी आखडते, ओढली की पुन्हा लांबते. स्टेशनवर मालगाडी सुटताना खड्-खड्-खड् असा आवाज पुढून मागे पळत जातो, तो हाच. प्रवाशांच्या एलएचबी डब्यांत बसल्यावर गाडी सुटताना लोकांना हिसका जाणवायचा, त्यामागेही ड्राफ्ट गिअरच होते. पुढे त्यात बॅलन्स्ड ड्राफ्ट गिअर आले आणि तो त्रास कमी झाला.

आता घाटात बघा. पुढची इंजिनं ओढतात, बँकर ढकलतात. कुठेतरी मधे एक जागा अशी असते की तिच्या पुढच्या वाघिणी ताणलेल्या आणि मागच्या दाबलेल्या. ती जागा स्थिर नसते. पावसात पुढच्या इंजिनाची चाकं क्षणभर घसरली की ओढ कमी होते, मागून बँकर रेटतातच, जोड मिटतात. चाकांनी रुळावर सोडलेल्या वाळूवर पकड घेतली की जोड पुन्हा उघडतात. पुढे दोन आणि मागे तीन इंजिनं असताना ही जागा साधारण सतराव्या-अठराव्या वाघिणीजवळ येते. नेमका तिथेच मेलेला गिअर होता. बाकीचे जोड पाचरेवर, घर्षणावर, सावकाश उघडत मिटत होते. हा एक जोड मोकळा पळून थेट लोखंडावर आपटत होता. पायलटने एकेक नॉच कितीही हळू उघडला असता तरी या जोडाला घणाचाच घाव बसणार होता.

गाडी दोन तुकड्यांत वर नेली. ती वाघीण सिक मारली, म्हणजे नादुरुस्त ठरवून बाजूला काढली. उजाडलं.

सकाळी जॉइंट नोट, म्हणजे सगळ्या खात्यांनी मिळून लिहायचा अहवाल. लोकोचे इन्स्पेक्टर, ट्रॅफिकचे इन्स्पेक्टर आणि आमचे साहेब. आमच्या साहेबांनी मला बाजूला घेतलं. "दोन्ही नकल ताजेच तुटलेत ना? मग तू तेवढंच लिही. गिअर उघडायच्या भानगडीत पडू नकोस. उघडलं तर ते आपल्या डिपार्टमेंटवर येणार." ते वाईट माणूस नव्हते. वर्षभर दुसऱ्यांच्या चुका अंगावर घेऊन ते थकले होते. तरी मला त्या क्षणी त्यांचा राग आला, आणि तो अजून पूर्ण गेलेला नाही. समोरच्या बाकावर पायलट बसले होते. छप्पन्न-सत्तावन्नचं वय, रात्रभर ओल्या कपड्यांत. चहाचा ग्लास हातात तसाच होता.

मी जबाबात सगळं लिहिलं. स्ट्रायकरवरची चमक, पहारेने कपलर हलला, दोन्ही वाघिणींचे नकल वेगवेगळे. खाली अण्णांनी न विचारता सही केली. लोको इन्स्पेक्टरांनी ते वाचलं आणि म्हणाले, "गिअर उतरवा. माझ्यासमोर."

सिक लाईनला वाघीण आणायला दुपार झाली. आधी कपलर काढला, मग खालून जॅक लावून आधारपट्टीचे बोल्ट सोडले. धडधाकट गिअर उतरवताना आम्ही सगळे जपून असतो. दाबलेली स्प्रिंग अचानक सुटली तर माणूस जागेवर जातो. हा गिअर योकसकट खाली आला तो आत नुसता खुळखुळत. त्याच्या पोटातून तांबडं पाणी गळलं, मागोमाग गंजाचा रव्यासारखा चिखल.

खोकं तोंडाशी वीतभर तडकलेलं होतं. शू घासून इतके गुळगुळीत झाले होते की बोट ठरत नव्हतं. आतली स्प्रिंग तीन तुकड्यांत होती. मी एक तुकडा पुसून तोंड उन्हाकडे केलं. काळं. नुसतं काळं नाही, तुटलेल्या कडा एकमेकींवर घासून गोल झालेल्या, नदीतल्या गोट्यासारख्या. ही स्प्रिंग त्या रात्री तुटलेली नव्हती. त्या महिन्यातही नाही. वाघिणीच्या अंगावर शेवटच्या पीओएचची, म्हणजे ठरावीक मुदतीने होणाऱ्या पूर्ण दुरुस्तीची, तारीख आणि वर्कशॉपचा शिक्का होता. ते नाव जॉइंट नोटमध्ये गेलं, इथे लिहायचं कारण नाही. ज्या यार्डात गाडी तपासून निघाली तिथल्या फिटरनाही मी बोल लावणार नाही. रात्री, पावसात, एका हातात टॉर्च घेऊन ते चाकं, ब्रेक ब्लॉक, होज, लॉक बघतात. योकच्या आतलं खोकं बाहेरून कुणालाच दिसत नाही.

पण पहार तर लावता येते. पुढचे दोन दिवस अण्णा आणि मी त्या गाडीच्या बाकीच्या वाघिणी पायी फिरलो. जोड उघडता येईल तिथे उघडून पहार, नसेल तिथे हॉर्नची फट आणि स्ट्रायकरवरची चमक. आणखी तीन निघाले. एकाचा आवाज तर आम्ही पहार लावायच्या आधीच, वाघीण ढकलताना ऐकला. त्या तिन्ही सिक मारल्या.

चौथ्या दिवशी पायलट यार्डात आले. ड्यूटीच्या कपड्यांत, डबा हातात. मला म्हणाले, "भाऊ, तो गिअर दाखवता का?"

शेडच्या मागे ठेवला होता. ते उकिडवे बसले. तडकलेल्या जागी बोट घातलं, अर्धं बोट आत गेलं. स्प्रिंगचा तुकडा उचलून बराच वेळ हातात फिरवला.

"मी एकेकच नॉच उघडला होता," ते म्हणाले. "दोन्ही वेळा. चार दिवस झाले, रात्री पडल्या पडल्या तेच मोजतोय. एक, मग दोन, मग थांबलो. तरी वाटायचं, माझ्याच हाताने काही झालं असेल का."

"तुमच्या हाताने नाही झालं," मी म्हटलं.

त्यांनी तुकडा होता तिथेच ठेवला, हात पुसले. "आज कुठली गाडी?" मी विचारलं.

"कंटेनर. कसाऱ्याला बँकर लागतील," ते म्हणाले आणि डबा उचलून निघाले.