अनोळखी टॅगचे ब्राउझर काय करतो : माझा अनुभव

खानापूर तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयाची पुस्तकयादी मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत एकाच पानावर मांडावी, एवढ्याच हेतूने मी एचटीएमएल ही वेबपाने लिहिण्याची भाषा शिकायला घेतली. नोटपॅड आणि फायरफॉक्स हा ब्राउझर यांपलीकडे काही लागले नाही. सुरुवातीला यूटीएफ-८ या सगळ्या लिप्या सामावणाऱ्या अक्षरसंकेताची घोषणा केल्यावर दोन्ही लिप्या नीट उमटल्या, आणि परिच्छेदांना भाषेचा गुणधर्म देण्याचे कामही लवकर उरकले. वेळ घेतला तो एका प्रश्नाने : एचटीएमएलमध्ये नसलेलाच टॅग (कोनकंसांत लिहायची खूण) लिहिला, तर ब्राउझर त्याचे काय करतो?

पडताळून पाहण्यासाठी मी ‘कुंदा’ हे बेळगावच्या मिठाईचे नाव रोमन अक्षरांत लिहून त्याचा टॅग केला आणि त्यात एका पुस्तकाचे नाव घातले. बेळगावकडच्या माणसाला दुसरे काय सुचणार! ब्राउझरने कोणतीही तक्रार न करता आतला मजकूर साध्या अक्षरांत, त्याच ओळीत दाखवला. एफ१२ दाबून पानाची रचना पाहिली, तेव्हा हा टॅग गाळला गेला नसून ‘एचटीएमएलअननोनएलिमेंट’ (अनोळखी घटक) या प्रकारात नोंदला गेल्याचे दिसले. सीएसएसने, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेने, दिलेला रंगही त्याने घेतला. रुंदी मात्र घेतली नाही, कारण असा घटक ओळीतलाच धरला जातो आणि त्याला ‘डिस्प्ले ब्लॉक’ (स्वतंत्र ठोकळा हो) असे सांगावे लागते. डिप्लोमा करणारा भाचा म्हणाला, “मामा, ब्राउझर तक्रार करत नाही, तिथंच माणूस फसतो.”

ही सोशिकता मुद्दाम ठेवलेली आहे. टॅग ओळखीचा नसेल तर तो सोडून द्यावा आणि मजकूर दाखवावा, ही रीत टिम बर्नर्स-ली यांनी वेब उभारले त्या सुरुवातीच्या काळापासूनची असून तिच्यामुळेच नवे टॅग आले तरी जुने ब्राउझर कोलमडत नाहीत. ‘व्हिडिओ’ टॅगच्या पोटात लिहिलेली पर्यायी ओळ केवळ तो टॅग न समजणाऱ्या ब्राउझरमध्येच दिसते, ती याच जोरावर. एचटीएमएल ५ या आवृत्तीला वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेची अंतिम मान्यता २८ ऑक्टोबर २०१४ रोजी मिळाली (आमच्या बेळगावचे नाव सरकारदरबारी बदलले त्याच्या चारच दिवस आधी), पण त्यातले कित्येक टॅग लोक त्याआधीपासूनच वापरत होते.

मग टॅगच देवनागरीत का लिहू नये, असे मनात आले. ‘<शीर्षक>ग्रंथसूची</शीर्षक>’ अशी ओळ लिहून फाइल उघडली, तर पडद्यावर ‘<शीर्षक>ग्रंथसूची’ एवढेच उमटले. उघडणारा टॅग कंसांसकट छापला गेला होता आणि बंद करणारा नाहीसा झाला होता. एकाच शब्दाला दोन न्याय का, हे कळायला मला एचटीएमएलच्या मानकातील वाचननियमांपर्यंत जावे लागले. उघडत्या कोनकंसानंतर लगेच रोमन अक्षर आले तरच ब्राउझर टॅग सुरू झाला असे मानतो. देवनागरी अक्षर आले तर तो कंस त्याच्या लेखी नुसते चिन्ह ठरते. कंसानंतर तिरपी रेघ आली, तर मात्र बंद करणारा टॅग येत असल्याचे तो धरून चालतो, आणि रेघेपुढे रोमन अक्षर मिळाले नाही तर पुढच्या कोनकंसापर्यंतचा मजकूर टिप्पणी म्हणून बाजूला ठेवतो. एफ१२च्या रचनेत हरवलेला ‘शीर्षक’ टिप्पणीच्या रूपात सापडलाही.

तीच फाइल एक्सएचटीएमएल म्हणून, म्हणजे एक्सएमएल या कडक नियमांच्या खूणभाषेच्या शिस्तीत, आवश्यक ती नेमस्पेस (टॅग कोणत्या शब्दसंग्रहातले हे सांगणारी नोंद) देऊन उघडली, तेव्हा देवनागरी टॅग बिनतक्रार चालला, कारण १९९८ सालच्या एक्सएमएल मानकाने अशी नावे मान्य केली आहेत. पण बंद करणारा टॅग काढताच फायरफॉक्सने यादी दाखवायची सोडून ओळ क्रमांकासह चूक झाल्याचा संदेश पुढे केला. नवशिक्याला ही शिस्त बरी. वाचकाला मात्र एका कंसापायी सगळे पान नाकारणे मला पटत नाही, म्हणून यादी मी साध्या एचटीएमएलमध्येच ठेवली.

अनोळखी टॅगच्या शेवटी तिरपी रेघ दिली की तो तिथेच मिटतो, असेही नाही. एचटीएमएलमध्ये ती रेघ दुर्लक्षिली जाते, टॅग उघडाच राहतो आणि त्याचा रंग खालच्या पुस्तकांवर पसरतो. आता स्वतःचा टॅग हवाच असेल, तर मी त्याचे नाव लहान रोमन अक्षराने सुरू करतो आणि त्यात एक संयोगरेषा ठेवतो, कारण अशी नावे मानकाने वापरणाऱ्यांसाठी राखून ठेवली आहेत. पहिल्या अक्षरानंतर देवनागरीही चालते.