ताप आधी आला होता

माझ्याकडे एक शंभर पानी वही आहे. शाळेच्या टाचणासाठी आणलेली. पहिल्या चार पानांवर तिसरीच्या गणिताचं टाचण आहे आणि पाचव्या पानापासून माझ्या लेकीचं आजारपण. पाचव्या पानावरची पहिली ओळ अशी आहे: "१३ फेब्रुवारी २०२३, सोमवार. होस्टेलवरून फोन. अंग गरम, डोकं फार दुखतंय."

लेक तेव्हा कोल्हापूरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. तिचं नाव इथे लिहीत नाही, बाकी सगळं लिही असं तिनंच सांगितलं आहे.

ताप तीन दिवसांत उतरला आणि आम्ही निर्धास्त झालो. १८ तारखेला महाशिवरात्र होती. रात्री दोन वाजता तिच्या रूममेटचा फोन आला. "काकू, ही तीन रात्री झोपलेली नाही. पाण्यात कुणीतरी काहीतरी टाकतंय म्हणते. सारखं बाटलीचं झाकण उघडून वास घेते." दुसऱ्या दिवशी शिवजयंती, रस्तोरस्ती मिरवणुका. हे सकाळी निघाले ते तिला घेऊन रात्रीच विट्याला, आमच्या घरी, पोचले. गाडीतून उतरताना तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही माझ्या आईचा आवाज कुठून आणला?"

गावातल्या डॉक्टरांनी परीक्षेचा ताण म्हटलं आणि झोपेची गोळी दिली. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. नात्यातले एकजण म्हणाले, "हे बाहेरचं आहे, उद्याच अमावास्या आहे, चुकवू नका." आम्ही गेलो. मी शिक्षिका आहे, तरी गेले. पोटची पोर आपल्याला ओळखत नव्हती, त्या दिवशी कुणी कुठल्याही दारात उभं केलं असतं तरी मी उभी राहिले असते. त्या माणसानं अंगारा लावला, लिंबू उतरवलं आणि सांगितलं, पाच अमावास्या कराव्या लागतील. परत येताना मी बोटांवर महिने मोजत होते.

तेव्हा मला माझ्या माहेरची एक मुलगी आठवली. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. लग्न ठरलं होतं आणि अचानक ती बडबडायला लागली, कपडे फाडायला लागली. गावानं बाधा ठरवली. तिला गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवायचे. आम्ही पोरं फटीतून बघायचो. ती जबडा हलवत असायची, काहीतरी चावत असल्यासारखा, आणि तोंडात काही नसायचं. पावसाळा संपायच्या आत ती गेली. तिला काय झालं होतं हे आता कुणीच सांगू शकणार नाही. पण पुढे चारच दिवसांनी माझ्या लेकीचा जबडा तसाच हलायला लागला, आणि माझे हातपाय गळाले.

त्याआधी, २२ तारखेला, आम्ही सांगलीत एका मानसोपचारतज्ज्ञांना दाखवलं होतं. त्यांनी गोळ्या दिल्या आणि तीन दिवसांनी बोलावलं. दोन दिवसांत ती लाकडासारखी ताठ झाली. बोलणं तुटक, मग बंद. जबडा हलतोय, जीभ आतबाहेर होतेय, आणि डाव्या हाताची बोटं अखंड वाती वळल्यासारखी फिरतायत. हात धरला तर तेवढ्यापुरती थांबायची, सोडला की पुन्हा वाती. मी मोबाईलवर दीड मिनिटाचा व्हिडिओ काढला.

२५ तारखेला डॉक्टरांनी तो व्हिडिओ दोनदा पाहिला. मग विचारलं, "हे सगळं सुरू व्हायच्या आधी काही दुखणं आलं होतं का?" मी वही उघडून पुढे केली. ते पाचवं पान त्यांनी बोट ठेवून वाचलं. "आधी ताप आणि डोकेदुखी. मग झोप गेली. मग भास. मग बोलणं बंद, आता तोंडाची हालचाल. ताई, ही माझी केस नाही. उद्यावर टाकू नका, पुण्याला न्यूरॉलॉजिस्टकडे न्या." आपल्या हातातला पेशंट इतक्या सरळपणे दुसऱ्याकडे सोपवणाऱ्या त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. त्याच रात्री निघालो. खंबाटकी घाटात तिला पहिली फिट आली.

पुण्यात एमआरआय स्वच्छ आला. मला हायसं वाटलं, पण न्यूरॉलॉजिस्ट बाई म्हणाल्या, "या आजारात बऱ्याच जणांचा एमआरआय नॉर्मलच येतो. त्यावर विसंबू नका." मग ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख, झाला. त्यांनी मला स्क्रीनजवळ बोलावून दाखवलं. मोठ्या, संथ लाटा, आणि प्रत्येक लाटेच्या माथ्यावर बारीक बारीक केसांसारख्या रेषा. याला डेल्टा ब्रश म्हणतात, आणि तो दिसला की एका विशिष्ट आजाराचा संशय बळावतो. त्यासाठी पाठीच्या मणक्यातलं पाणी तपासायला हवं होतं.

इथे आम्ही अडलो. पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो, हे आमच्याकडे लहानपणापासून ऐकलेलं. दिरांनी फोनवरून सही करू नका म्हणून सांगितलं. बाईंनी स्वतःच्या कमरेवर हात ठेवून दाखवलं. मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपतो. सुई त्याच्या बरीच खाली घालतात, तिथे फक्त पाण्यात तरंगणाऱ्या नसांचे धागे असतात आणि ते सुईपुढून बाजूला सरकतात. यांनी सही केली. लेकीला कुशीवर मुटकुळं करून निजवलं, मी तिचे गुडघे धरले. बारक्या नळ्यांमध्ये थेंब थेंब पाणी पडलं, अगदी नितळ. पंधरा-वीस मिनिटांत आटोपलं. ज्यांच्या घरात आज हा कागद सहीसाठी पुढे आला असेल त्यांना मी कळकळीनं सांगते, निव्वळ ऐकीव भीतीपोटी नाही म्हणू नका, मनातली भीती डॉक्टरांना बोलून दाखवा आणि नीट समजून घ्या.

पाण्यात पांढऱ्या पेशी वाढलेल्या होत्या. नागिणीच्या जातीतल्या हर्पीज विषाणूमुळेही मेंदूला सूज येते, म्हणून ती चाचणी निगेटिव्ह येईपर्यंत त्यावरचं औषध चालू ठेवलं. मुख्य नमुना अँटीबॉडी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती बनवते ती प्रथिनं, तपासायला दुसऱ्या शहरात गेला. रक्त आणि पाणी दोन्ही पाठवायचं, नुसतं रक्त नाही, असा बाईंचा आग्रह होता. तो आग्रह का, ते नंतर कळलं. लेकीचं रक्त निगेटिव्ह आलं आणि पाणी पॉझिटिव्ह.

आजाराचं नाव अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस. एन्सेफलायटिस म्हणजे मेंदूची सूज. बाईंनी केसपेपरच्या मागे एक गोल काढला, ही मेंदूची पेशी. तिच्या कडेवर बारीक कोंब काढले, हे रिसेप्टर. आठवण, बोलणं, हालचाल, वागणं, श्वास, कितीतरी कामांना ते लागतात. शरीराच्या प्रतिकारशक्तीनं चुकून त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार केल्या. त्या कोंबांना चिकटतात आणि पेशी ते कोंब आत ओढून घेते. "भूल द्यायला वापरतात त्या केटामाइननंही हेच रिसेप्टर अडतात," त्या म्हणाल्या, "त्या औषधानं माणसाला भास होतात, तसेच हिला होतायत. हे मनाचं दुखणं नाही आणि हिचा दोषही नाही. आणि ताई, यात पेशी मरत नाहीत. अँटीबॉडी काढल्या की कोंब परत बाहेर येतात." तो कागद मी वहीत चिकटवला आहे.

हा आजार २००७ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात काम करणाऱ्या डॉ. जोसेप दालमाऊ यांच्या गटानं उलगडला. त्यांनी अशा १२ जणींची माहिती मांडली होती, आणि त्यांतल्या बहुतेकींच्या अंडाशयात टेराटोमा नावाची गाठ होती. माझी लेक २००७ मध्ये तीन वर्षांची होती. म्हणजे ती जन्मली तेव्हा या दुखण्याला नावसुद्धा नव्हतं, मग गोठ्याशेजारच्या त्या खोलीतल्या मुलीला कोण काय तपासणार होतं? (बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयातलं क्नूट नावाचं पांढरं अस्वल २०११ मध्ये फिट येऊन पाण्यात पडून मेलं. त्यालाही हाच आजार होता, हे २०१५ मध्ये कळलं. लेक बरी झाल्यावर तिनंच शोधून मला सांगितलं.)

अँटीबॉडीचा रिपोर्ट यायला सहा दिवस लागले. उपचार मात्र त्याआधीच सुरू झाले होते. लक्षणं, ईईजी आणि पाण्यातल्या पेशी जुळल्या तर रिपोर्टसाठी थांबून राहू नये, असे निकष २०१६ पासून जगभरचे न्यूरॉलॉजिस्ट वापरतात. पाच दिवस रोज एक ग्रॅम स्टेरॉइड सलाईनमधून, जोडीला आयव्हीआयजी. आयव्हीआयजी वजनावर देतात, किलोला दोन ग्रॅम. लेक ५० किलोची, म्हणजे १०० ग्रॅम, पाच ग्रॅमची एक अशा २० बाटल्या. हजारो लोकांनी दिलेल्या प्लाझ्मातून हे औषध काढतात. प्रत्येक बाटली लागली की मी वहीत एक रेघ मारायची, पाचवी रेघ आडवी, वर्गात पोरांना शिकवते तशी. शिक्षक पतसंस्थेचं कर्ज आणि माझा भविष्य निर्वाह निधी, दोन्ही त्या रेघांमध्ये आहेत. पुढे वैद्यकीय बिलाच्या फाइलीमागे वर्ष गेलं, त्यातून थोडेफार परत मिळाले.

पोटाच्या सोनोग्राफीत डाव्या अंडाशयात तीन सेंटिमीटरची गाठ दिसली. पोटात काही दुखत नव्हतं, पाळी व्यवस्थित, कुणालाही संशय आला नसता. याच सुमाराला तिचा श्वास मंदावला. नाडी घटकेत १४०, घटकेत ५०. व्हेंटिलेटर लावला आणि त्याच अवस्थेत दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करायची ठरली. इतकी नाजूक असताना पोट उघडायचं, हे आम्हाला पटेना. पण त्या गाठीत केस असतात, दाताहाडांचे तुकडे असतात आणि मेंदूतल्यासारख्या पेशीही असतात, त्यांना पाहूनच शरीर अँटीबॉडी बनवतं. गाठ तशीच राहिली तर इकडून औषध आणि तिकडून पुन्हा अँटीबॉडी. हे कळल्यावर आम्ही वाद घातला नाही. अंडाशय वाचला, गाठ गेली.

अकरा दिवस व्हेंटिलेटर. त्या अकरा दिवसांच्या नोंदी फार त्रोटक आहेत, नुसते आकडे.

२२ मार्चला गुढीपाडवा होता. आयसीयूतल्या सिस्टरनी तिच्या उशाशी साखरेची गाठी अडकवली होती. मी आत गेले तर डावा हात चादरीवर गप्प पडलेला. मी घड्याळ लावून दहा मिनिटं बघत राहिले. वाती वळणं थांबलं होतं. बाई म्हणाल्या, "आता उलट्या क्रमानं परत येईल बघा. जे शेवटी गेलं ते आधी येईल." तसंच झालं. आधी श्वास आणि नाडी, मग हालचाल, मग तुटक शब्द, मग झोप. एप्रिलमध्ये आठवड्याला एक अशी रिटुक्सिमॅबची चार इंजेक्शनं झाली, अँटीबॉडी तयार करणाऱ्या पेशींची फौज कमी करायला. मेच्या सुरुवातीला आम्ही घरी आलो.

दवाखान्यातून घरी आलेली मुलगी बरी झालेली नसते, याची आम्हाला कुणी कल्पना दिली नव्हती. ती ओळखायची, बोलायची, पण चहा करताना आधी दूध की आधी पाणी यावर पाच मिनिटं ओट्याशी उभी राहायची. पाहुण्यांसमोर मोठ्यानं हसायची, मग खोलीत जाऊन रडायची. मी चहाचा क्रम कागदावर लिहून कपाटाला लावला, तसाच अंघोळीचा, तसाच बॅग भरायचा. पहिलीच्या पोरांना शिकवल्यासारखं शिकवलं. विचार जुळवणं आणि कुठे कसं वागायचं हे भान सर्वांत शेवटी येतं, त्याला दीड-दोन वर्षंही लागतात. ५७७ रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास २०१३ मध्ये छापून आला. त्यात दोन वर्षांपर्यंत पाठपुरावा झालेल्यांपैकी सुमारे ८० टक्के चांगले सावरले होते. दोन वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण १२ टक्के होतं. हे दोन आकडे मी रोज मनात घोळवायची, पहिला सकाळी आणि दुसरा रात्री.

जून २०२४ मध्ये ती पुन्हा दुसऱ्या वर्षाला बसली. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी असते, कारण गाठ पुन्हा होऊ शकते.

तरुण पोर अचानक वेगळं वागायला लागलं, तर त्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत ताप किंवा डोकेदुखी होती का, झोप कधी गेली, फिट आली का, तोंडाच्या-हाताच्या चमत्कारिक हालचाली आहेत का, हे तारीखवार लिहा. व्हिडिओ काढा. आणि न्यूरॉलॉजिस्टना सरळ विचारा, मणक्यातलं पाणी अँटीबॉडीसाठी तपासायचं का? मानसिक आजारही खरे असतात, त्यांनाही उपचार लागतात. पण हा निराळा आहे आणि यात गेलेला प्रत्येक दिवस महाग पडतो.

लेकीला १७ फेब्रुवारी ते एप्रिलचा दुसरा आठवडा यातलं काहीही आठवत नाही. गेल्या दिवाळीत तिनं वही मागून घेतली आणि एका बैठकीत वाचली. वाचून झाल्यावर म्हणाली, "आई, त्या बाटलीतलं पाणी मी प्यायचे का गं?" मला माहीत नव्हतं. तिच्यासमोरच मी त्या रूममेटला फोन लावला. ती म्हणाली, "नाही काकू, १६ तारखेपासूनच तिनं पाणी सोडलं होतं. मला वाटलं, शिवरात्रीचा काही नेम असेल." वहीत १६ तारखेपुढे फक्त "ताप नाही" एवढंच होतं. लेकीनं माझ्या हातातून पेन घेतलं आणि त्याच ओळीत बारीक अक्षरात "पाणी पीत नाही" असं लिहिलं. पुढच्या तपासणीला ते बाईंना दाखवायचं आहे.